सूपभर कोंडा

“विकतची हाय ती माझी. अशी उचलून न्हेऊ नगासा,” असं म्हणत शेवंताबाईनं माझ्या कडेवरची पोर चक्क काढून घेतली आणि वर माझ्याकडे बघून हसली.

पोरही हसली. सहा वर्षांची घोडी, पण शेवंताबाईच्या कमरेला माकडासारखी चिकटली आणि मला म्हणाली, “आत्या, ही माझी मालकीण हाय.”

मी हसले नाही. मला असल्या थट्टा कळत नाहीत आणि आवडत तर मुळीच नाहीत. त्यात मी कॅलगरीहून सव्वीस तासांचा प्रवास करून कारंडेवाडीत आले होते ती थट्टा ऐकायला नव्हे, तर माझ्या भावाची मुलगी दत्तक घेऊन जायला.

माझा धाकटा भाऊ मकरंद विट्याजवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट होता. तिथलीच वनिता त्यानं बायको केली आणि तिथेच रमला. पोरगी दोन वर्षांची असताना उसाच्या ट्रॉलीनं दोघांची मोटरसायकल उडवली. तेव्हापासून पोरगी वनिताच्या आईकडे, गजराबाईंकडे होती. मकरंदनं हौसेनं तिचं नाव मृण्मयी ठेवलं होतं, पण गावात तिला कुणी त्या नावानं हाक मारत नसे. सगळे म्हणत कोंडू. शाळेच्या बाईसुद्धा कोंडू म्हणत. मला ते नाव कानाला टोचायचं.

मला मूल नव्हतं. डॉक्टर, औषधं, इंजेक्शनं, सगळं करून मी आणि उल्हास दमलो होतो. आणि तेव्हा गजराबाईंनी स्वतः फोन केला होता. “ताई, मी आज हाय, उद्या न्हाई. पोरीला तुमीच न्या,” हे त्यांचे शब्द. मी नव्हते मागायला गेले. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात मी संशयी, मी घाईची, मी तोंडाळ असं बऱ्याच जणांनी म्हणून घेतलं. संशय मी घेतला, आणि घेतला म्हणून मला आजही वाईट वाटत नाही. पोरीचा प्रश्न होता.

दोन देशांचे कायदे, आमची घरपाहणी, पोलिसांचे दाखले, हे सगळं करता करता दीड वर्ष गेलं होतं. आता गजराबाईंनी सांगलीच्या ऑफिसात अधिकाऱ्यांसमोर संमती द्यायची, मुलीशी तिथल्या लोकांनी बोलायचं, मग प्रकरण कोर्टात, असा क्रम होता. मी बिनपगारी रजा घेऊन आले होते, की हे सगळं उरकूनच पोरीला घेऊन जाऊ. उल्हास म्हणाला होता, “अगं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं नको करूस. कागद होऊ दे, मग जा.” मी ऐकलं नाही.

आणि इथे बघते तर गजराबाई सांगलीला जायचं नावच काढेनात. पहिल्या वेळी गाडी दारात आणली, तर गुडघा धरलाय. दुसऱ्या वेळी अमावस्या. तिसऱ्या वेळी ज्वारीची मळणी.

“मावशी, मळणीला तुम्ही कशाला लागता? तुमची जमीन वाट्यानं दिलीय ना?”

“बघाय लागतं ताई. बघितलं न्हाई तर खळ्यावरनंच ज्वारी जाती.”

“तुम्हाला द्यायची आहे ना पोर? नसेल तर तसं सांगा.”

गजराबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “द्यायाची न्हाई असं कसं? मीच बोलावलं न्हवं तुमास्नी?” आणि उठून आत गेल्या. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासायला बसल्या.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. माझं तोंड आयुष्यभर पोळलेलं. मी घराकडे नीट बघायला लागले आणि मला जिथे तिथे शेवंताबाई दिसायला लागली.

ही शेजारीण. मधे फक्त एक बुटकी भिंत. नवरा केव्हाच गेलेला, मूल नाही, एक म्हैस आणि दोन खोल्या. सकाळी पोरीची वेणी शेवंताबाई घालणार. दुपारी शाळेतून आली की पोर आधी तिच्या घरात शिरणार. मी पोरीसाठी आणलेला लाल स्वेटर तिनं हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाली, “चांगला हाय. पर मला इच्चारल्याबिगर घालायचा न्हाई गं कोंडे.” आणि पोरीनं खरंच तो घातला नाही. चार दिवस खुंटीला लटकत होता.

मी गजराबाईंना विचारलं, “ही बाई मालकीण मालकीण काय म्हणते?”

“म्हणती आपली.”

“आपली म्हणजे?”

“खुळी हाय ती. भाकरी वाढू का?”

एका दुपारी मी कपडे वाळत घालायला मागच्या अंगाला गेले. भिंतीपलीकडे गोठ्यात दोघी बोलत होत्या. मी दोरीपाशीच थांबले. चोरून ऐकू नये हे मला ठाऊक आहे, पण ठाऊक असलेलं सगळंच आपण पाळतो असं नाही.

गजराबाई म्हणत होत्या, “तुझ्याबिगर मी कशी देऊ गं? माझ्या हातात हाय का ते?”

“मग नगं देऊ,” शेवंताबाई म्हणाली.

“ती बाई दारात गाडी घिऊन हुबी ऱ्हाती.”

“ऱ्हाऊ दे हुबी. पाय दुखलं की बसंल.”

माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. म्हणजे म्हातारी नव्हे, खरी गाठ इथे होती. हिला मूल नाही, हिला पोर सोडवत नाही, आणि ही म्हातारीला नाचवतेय. मी त्याच दिवशी उल्हासला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, “तुला काय, सगळीकडे कटच दिसतो.” मी फोन ठेवून दिला.

शेवटी मी सरपंचांना मधे घातलं आणि गजराबाईंना गाडीत बसवून सांगलीला नेलं. ऑफिसात अंगठा देताना त्या दोनदा मागे सरल्या, तेव्हा तिथला शिपाई म्हणाला, आजी, पाणी घ्या. पोरीला एका तरुण समुपदेशक मुलीनं वेगळ्या खोलीत नेलं. चित्रं काढायला दिली, गप्पा मारल्या. बाहेर आली तेव्हा पोरीच्या हातात लिमलेटची गोळी होती आणि ती खुशीत होती. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

पंधरवडा गेला असेल. तिकडच्या एजन्सीतून उल्हासला फोन आला की प्रकरण थांबवलंय, आणि त्यानं मला केला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

“वैजू, नीट ऐक. पोरीनं त्या मुलाखतीत सांगितलंय की तिला विकलंय.”

“काय?”

“आजीनं शेजारणीला विकलंय म्हणाली. त्यांनी तीनदा विचारलं, तीनदा तेच. आता इकडचे लोक म्हणतात, हे मुलांच्या विक्रीचं प्रकरण दिसतंय. चौकशी होईपर्यंत सगळं बंद. कदाचित कायमचं.”

मी अंगणात उभी होते. भिंतीवरून पलीकडे बघितलं. शेवंताबाई म्हशीचं शेण भरत होती आणि पोर तिच्या मागे मागे बादली घेऊन फिरत होती.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्याजोगं नाही. दोघींना अंगणात उभं केलं. “लाज नाही वाटली? आईबापाविना पोर, आणि तिचा बाजार मांडला? किती घेतले हिच्याकडून? मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे, नाहीतर मी पोलिसांत जाते,” असं सगळं. आजूबाजूच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

शेवंताबाईनं शेणाचे हात बादलीत धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “पैसं न्हाईत घेतलं. कोंडा घेतला. सूपभर.”

“कोंडा?”

“कोंडा. पिठाचा.”

मग गजराबाई बोलल्या. वनिताला या पोरीच्या आधी दोन मुलं झाली होती, हे मला माहीत होतं. दोन्ही गेली, हेही माहीत होतं. मकरंदनं फोनवर सांगितलं होतं आणि मी दूर देशातून जेवढं हळहळायचं तेवढं हळहळले होते. एक पाचवीला गेलं, एक सव्वा महिन्याचं होऊन. तिसरी ही झाली तेव्हा गजराबाईंनी बाळंतिणीच्या कुशीतून तिला उचललं, दारात नेलं आणि शेवंताच्या पदरात घातलं. बदल्यात शेवंतानं सूपभर कोंडा दिला. पोर विकली. आता ती वनीची नाही, या घरची नाही. कोंड्याच्या मोलाची, कुणी डोळा लावावा अशी नाहीच. म्हणून नाव कोंडाबाई. पाजायला आणि सांभाळायला तेवढी आईकडे, मालकी शेजारणीची.

“आमच्यात करत्यात ताई,” गजराबाई म्हणाल्या. “पोर जगली, वाढली, की आईनं पुन्ना कोंडा दिऊन सोडवून घ्यायची. वनी म्हणायची, पाचवं वरीस सरू दे, मग सोडवू. आणि तीच गेली.”

“मग तुम्ही सोडवायची होती.”

“मी इकणारी. इकणाऱ्यानं सोडवायची नसती. आईनं सोडवायची. आता आई कोन?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “जी माझी न्हाईच, ती सरकारात अंगठा दिऊन मी कशी देऊ? म्हणून माझं पाय निघत न्हवतं. आणि तुमास्नी सांगावं तर तुमी शिकलेल्या. हसला असता.”

मी हसले नसते, चिडले असते. चिडलेच होते. एका सुपाच्या कोंड्यापायी माझी पोर दोन देशांच्या मधे अडकली होती. मी म्हटलं, एवढंच ना? फेडून टाकते. तडक विट्याला गेले, पेंडीच्या दुकानातून गव्हाच्या कोंड्याचं अख्खं पोतं घेतलं आणि शेवंताबाईच्या उंबऱ्यापाशी आणून आपटलं.

“घ्या. सूपभर नाही, पोतंभर आहे. आता पोर माझी. आणि सांगलीहून बाई येतील चौकशीला, त्यांना सांगायचं, असलं काही झालेलंच नाही, पोर खेळात बोलली.”

शेवंताबाईनं पोत्याकडे बघितलंसुद्धा नाही. “दुकानचा कोंडा चालत न्हाई. आपल्या चुलीच्या पिठाचा लागतो. रोजचं पीठ चाळायचं, त्याचा.”

“तोही चाळते. आज सगळं चाळून टाकते.”

“आनी आज घ्यायची न्हाई मला.”

“का?”

ती वळून गोठ्यात गेली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला हवा होता तो पुरावा मिळाला होता. हिला पोर सोडायचीच नव्हती. रूढीबिढी सगळं निमित्त.

चौकशीला स्वतः घोलप मॅडम आल्या. जिल्ह्याच्या ऑफिसातल्या या मोठ्या अधिकारी, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. आदल्या दिवशी मी दोघींना बसवून पढवलं होतं: नुसती जुनी पद्धत, खरं काही नाही, कुणी कुणाला विकलं नाही. गजराबाईंनी मान डोलावली. शेवंताबाई म्हणाली, “बगू.”

मॅडम ओसरीवर सतरंजीवर बसल्या. पोरीला जवळ घेतलं, तिची वही बघितली, मग शेवंताबाईला सरळ विचारलं, “तुम्ही ही मुलगी विकत घेतली आहे का?”

“घेतलीया.”

मी म्हटलं, “मॅडम, तिच्या म्हणण्याचा अर्थ—” त्यांनी मला हातानं गप्प केलं.

“कशाच्या बदल्यात?”

“सूपभर कोंडा.”

मॅडमनी वही मिटून पोरीला परत दिली. मग म्हणाल्या, “माझ्या मोठ्या मामाचं नाव कोंडिबा. त्यांच्याआधी तीन गेले होते. असंच शेजारी विकलं होतं म्हणे.” आमच्याकडची ती समुपदेशक पोरगी मुंबईची आहे, तिनं ऐकलं ते लिहून पाठवलं, असंही त्या म्हणाल्या. मला केवढं हायसं वाटलं. पण लगेच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. “मग आता या आत्या सोडवून घ्यायला तयार आहेत, तर तुम्ही का देत नाही? तुमच्या मनात मुलगी ठेवून घ्यायचं आहे का? खरं सांगा.”

हाच माझाही प्रश्न होता. मी शेवंताबाईच्या तोंडाकडे बघत राहिले.

“ह्यांचा कागुद झालाय का?” शेवंताबाईनं विचारलं.

“नाही अजून.”

“कवा हुईल?”

“सांगता येत नाही. कोर्टाचं काम आहे. पुन्हा तिकडच्या देशाचं.”

“हुईलच का?”

मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं. “बहुतेक होईल. खात्री मी देऊ शकत नाही.”

“मग मला सांगा,” शेवंताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “म्हातारीनं तुमच्या हापिसात अंगठा दिला. म्हंजी पोर तिची ऱ्हायली न्हाई. ह्या बाईंची अजून झाली न्हाई. मी बी कोंडा घिऊन मोकळी झाले, तर मदल्या काळात पोर कुणाची? तुमी म्हणशीला सरकारची. सरकार हिला रातचं पांघरून घालतंय का? आनी ह्यांचा कागुद न्हाईच झाला तर? ह्या जात्याल इमानात बसून. जिचा कोण धनीच न्हाई अशी पोर मी उगड्यावर सोडू का? कागुद हुईस्तोवर पोर माझी. ज्या दिशी हुईल त्या दिशी मागा. न्हाई म्हटलं तर माझ्या तोंडात शेण घाला.”

पोर मधेच म्हणाली, “मालकीण, मला भूक लागलीया.” शेवंताबाई उठून गेली, भाकरी घेऊन आली.

मला तेव्हा लगेच सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. मॅडम गेल्यावरसुद्धा मला वाटत होतं, बोलायला गोड आहे, वेळ येईल तेव्हा बघू. पण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. मॅडमनी नवा अहवाल पाठवला. त्यावर तिकडून शंका आल्या, त्यांना उत्तरं गेली. प्रकरण कोर्टात लागलं, आणि तारखा पडायला लागल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी आमचा एखादा कागद जुना झालेला, म्हणून नवा मागवायचा.

कॅलगरीत मी ज्या फार्मसीत नोकरी करत होते, तिथून मला कळवलं की जागा भरली. उल्हास म्हणाला, परत ये, बोलावलं की जाऊ. मी गेले नाही. गेले तर शेवंताबाईचं म्हणणं खरं ठरलं असतं, की ह्या जातात विमानात बसून. एवढी आडमुठी मी आहेच.

मी चाळायला बसले. गजराबाईंनी एक पत्र्याचा डबा दिला. रोज सकाळी भाकरीचं पीठ चाळायचं आणि चाळणीत जे उरेल ते डब्यात टाकायचं. ज्वारीच्या पिठाला कोंडा तो किती निघणार, चिमूट दोन चिमूट. पहिल्या दिवशी डब्यात बघितलं तर तळही झाकला नव्हता. मी गजराबाईंना म्हटलं, “असं तर सूप भरायला जन्म जाईल.” त्या म्हणाल्या, “जास्त भाकरी खावा.” मी पहिल्यांदा त्या घरात हसले. मग मीच भाकरी थापायला शिकले. पहिल्या भाकरी बघून शेवंताबाई भिंतीवरून म्हणाली, “म्हशीला टाका, मानसास्नी नगं.”

उन्हाळ्यात पोर आजारी पडली. टायफॉईड. विट्याच्या दवाखान्यात ठेवली, सलाईन लागलं, घरी आणली. औषधं चालू होती तरी ताप पुन्हा चढला. दुपारची वेळ, पोर ग्लानीत, ओठ सुकलेले. गजराबाई भिंतीला टेकून नुसत्या पुटपुटत होत्या, “तिसरं बी जातंय, तिसरं बी जातंय.” मी पोरीचं डोकं मांडीवर घेऊन पट्ट्या बदलत होते. मी देवाला काय काय कबूल करत होते ते देवालाच ठाऊक.

शेवंताबाई आली. पोरीच्या कपाळाला हात लावला. मला म्हणाली, “तुमी उठा. लांब बसा.”

“मी नाही उठणार.”

“उठा म्हणते न्हवं? अशी छातीशी धरून रडलासा तर दिसतंय की, लई मोलाची हाय म्हणून. तिकडं जाऊन बसा. जशी तुमची कोन न्हाई.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. औषध लागू पडायला वेळ लागतो, एवढं फार्मसीतल्या बाईला कळतं. तरी मी उठले. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, खांबापाशी जाऊन बसले. पट्टी बदलायचं सोडून दुसरं काही करता येत नव्हतं, आणि आता तेही काढून घेतलं होतं.

शेवंताबाईनं पोरीला आपल्या मांडीवर घेतलं आणि दाराकडे तोंड करून बोलायला लागली. मोठ्यानं, बाजारात भांडावं तशी. “कुणाच्या दारात आलीस गं? वनी हितं न्हाई. वनीची लेक बी न्हाई. ही माझी हाय, सूपभर कोंड्याला घेतलेली. बघ, नाकाला शेंबूड, डोस्क्यात उवा. असली घिऊन काय करनार हाईस? जा, मोठ्या घरी जा.” पट्टी भिजवायची, पिळायची, कपाळावर ठेवायची, आणि पुन्हा शिव्या. पोरीला शिव्या, तिला न्यायला येणारीला शिव्या. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाजात त्याचा मागमूस नव्हता.

मी खांबापाशी बसून होते. माझी कुणी नसल्यासारखी. संध्याकाळी पोरीला घाम फुटला आणि तिनं पाणी मागितलं. माझ्याकडे नाही, मालकिणीकडे. मला काय वाटलं म्हणता? हेवा वाटला, दुसरं काय. आणि त्या हेव्याच्या आतून असंही वाटलं, की ही बाई इतके दिवस पोरीला धरून बसलीय ती माझ्यापासून नव्हे.

कोर्टाचा हुकूम झाला तेव्हा पहिला पाऊस होऊन पेरण्या उरकल्या होत्या. मी सांगलीहून कागद घेऊन आले, जीपमधून उतरले आणि धावत घरात शिरले. पोर घरात नव्हती. भिंतीवरून बघितलं, तर शेवंताबाईच्या दाराला कुलूप. त्या दाराला मी कुलूप कधी पाहिलंच नव्हतं.

माझा संशय मेला नव्हता, नुसता पडून होता. तो असा उठला की मी गजराबाईंच्या दंडाला धरलं. “कुठे गेली? पोरीला घेऊन कुठे गेली ती? तुम्हाला माहीत आहे.”

“ताई, हात सोडा. सरपंचाच्या पोरानं फोन लावून सांगितलं, कागुद झाला म्हणून. तवाच गेली. न्हाणीला घिऊन गेलीया हिरीवर. शेवटची न्हाणी घालती म्हणाली.”

त्या दोघी समोरून येताना दिसल्या. पोरीचे केस ओले, तेल लावलेले, अंगात तो लाल स्वेटर, भर उकाड्यात. शेवंताबाईनं कुलूप काढलं, आत गेली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. मला म्हणाली, “आना.”

मी डबा सुपात उपडा केला. सूप काठोकाठ भरलं. गजराबाईंनी मला लुगडं नेसवलं होतं, म्हणून पदर पसरता आला. अर्ध्या गावासमोर मी पदर पसरून उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

“मागा,” शेवंताबाई म्हणाली.

“शेवंताबाई, तुमची पोर मला द्या.”

तिनं कोंड्यात बोटं फिरवली. “बारीक चाळलायसा,” म्हणाली. मग पोरीला काखेत हात घालून उचललं आणि माझ्या पदरात घातलं. सहा वर्षांची पोर ती, पदरात कुठली मावणार, मी तिच्या भारानं खालीच बसले. शेवंताबाईनं सूप उचललं. “आता माझी न्हाई. ह्यांची हाय,” असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि सूप घेऊन घराच्या मागच्या दारानं गोठ्यात गेली.

“आता तिनं वळून बघायचं न्हाई,” गजराबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. “आनी कोंडा आजच्या आज संपाय पायजे. ऱ्हायला तर येव्हार कच्चा ऱ्हातो.”

पोर माझ्या हातातून सुटून भिंतीपाशी धावली. मी मागे गेले. पलीकडे शेवंताबाईनं कोंडा म्हशीपुढच्या घमेल्यात ओतला होता, आणि ती आमच्याकडे पाठ करून उभी होती.

“मालकीण,” पोरीनं हाक मारली.

तिनं ऐकलं. तिच्या खांद्यावरून मला कळलं की ऐकलं. पण ती वळली नाही.

“मालकीण, मी जाऊ का?”

मला वाटलं सांगावं, वळा हो बाई, गेली खड्ड्यात पद्धत, एकदा बघा तिच्याकडे. तोंडाशी आलेलं बोलून टाकायची माझी सवय. पण मी गप्प उभी राहिले.

म्हशीनं निम्मा कोंडा खाल्ला आणि तोंड बाजूला केलं. शेवंताबाई खाली बसली. दोन्ही हातांनी घमेल्याच्या कडेचा कोंडा गोळा केला, ओंजळ भरली आणि म्हशीच्या तोंडापाशी नेली.

“खा गं बाई,” ती म्हशीला म्हणाली. “सगळा खा. एक कण ठिवू नगं.”